एका चावीचा हट्ट

गाडीला जेवढी कुलपं असतात त्यांतल्या एकाच कुलपाची चावी आपण परक्या माणसाच्या हातात सहज देतो, ते म्हणजे पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं. पंपावर गाडी लागते, गणवेशातला पोरगा खिडकीशी येऊन हात पुढं करतो, आणि आपण मुकाट्यानं इंजिन बंद करून चावी काढून देतो. कितीतरी लोक तर जुडगाच देतात. त्यात घराची चावी, कपाटाची चावी, ऑफिसच्या ड्रॉवरची चावी, सगळं असतं. टाकीतलं पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या कुलपापायी अख्खं घर दोन मिनिटं दुसऱ्याच्या मुठीत जातं, याची गंमत मला नेहमी वाटते.

आता बहुतेक गाड्यांमधून ही पद्धत गेली. सीटच्या बाजूला खाली एक खटका असतो, तो ओढला की मागं झाकणावरचं पान उघडतं. माणूस एसीत बसूनच ‘दोन हजाराचं टाका’ म्हणतो आणि मोबाइल बघत राहतो. चावीचं झाकण असलं की तसं चालत नाही. चावी काढायची म्हणजे इंजिन बंद झालंच, आणि चावी दिली की तिच्यामागोमाग आपणही उतरतोच. उतरलो की मीटरवर शून्य आहे का ते दिसतं. पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं आणि शंका आली तर गिऱ्हाईक ते भरून दाखवायला सांगू शकतं, हे बसून राहणाऱ्याला आठवतसुद्धा नाही. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पंपांवर छापे घालून मशीनमध्ये बसवलेल्या चिपा बाहेर काढल्या, त्या वेळी कळलं की मोठी चोरी झाकण उघडं असताना, आपल्या डोळ्यांदेखत होते. तिथं उतरून बघणाऱ्याचंही काही चालत नव्हतं, हा भाग वेगळा.

आमच्याकडं चावीचं झाकण असलेली ओम्नी आहे. ही गाडी 1984 मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, 1988 मध्ये ओम्नी झाली आणि 2019 मध्ये बंद पडली. हिंदी सिनेमानं तिला पळवापळवीसाठी बदनाम केलं, पण आमच्या कोल्हापुरात तिनं मुख्यतः तांदळाची पोती, शाळेची पोरं आणि लग्नाची वऱ्हाडं वाहिली. आमचीनं पोती वाहिली. आबांचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान, आता ते धाकटा भाऊ बघतो. गाडी अजून चालते. पण गेल्या हिवाळ्यात झाकणाचं कुलूप रुसलं. चावी आत जायची, अर्धी फिरायची, आणि आतली जीभ काही मागं यायची नाही. पंपावरचा पोरगा आधी हळू, मग जोरात, मग दोन्ही हातांनी चावी पिळायला लागला, तेव्हा मी त्याच्या हातातून ती काढून घेतली. चावी कुलपात तुटली असती तर गाडी घरीही नेता आली नसती, कारण इग्निशनचीही तीच.

या शेवटच्या वाक्यातच सगळा घोळ आहे, तो पुढं सांगतो.

उद्यमनगरात आमचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी झाकणाकडं एकदा बघितलं आणि शेजारच्या गाळ्यातून ड्रिल घेऊन धावत आलेल्या पोराला तिथंच थांबवलं. “ते लांब ठेव. आधी टाकीत किती आहे ते बघ.” काटा तळाला होता. माझ्या भाबड्या समजुतीप्रमाणं ही चांगली गोष्ट होती, पेट्रोल कमी म्हणजे धोका कमी. मिस्त्रींचं म्हणणं बरोबर उलटं, आणि तेच खरं आहे. पेट्रोल पेटतं ते वाफ होऊन. उणे चाळीसच्या आसपासच्या थंडीतही पेटण्याइतकी वाफ त्याच्यावर तरंगत असते, मग कोल्हापूरच्या दुपारी काय होत असेल. हवेत ती वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकामी होत आलेली टाकी मात्र वाफ आणि हवा यांनी भरलेली असते. आणि विजेच्या ड्रिलच्या मोटारीत ब्रशांशी ठिणग्या उडत असतात, त्या बाहेरूनही दिसतात. त्यामुळं झाकण फोडायचं झालंच तर हातानं, आणि शक्यतो फोडायचंच नाही.

मग त्यांनी गंज सोडवायच्या तेलाची बारीक नळी कुलपाच्या तोंडात घातली, दोनदा फुस्स केलं, आणि चहा मागवला. चहा हा त्या कृतीचाच भाग होता, तेल मुरायला तेवढा वेळ लागतो. नंतर हातोडीच्या लाकडी दांड्यानं झाकणावर गोल गोल हलके टोले, चावी आत घालून बाहेर, पुन्हा आत. जोर कुठंच नाही. शेवटी ‘खट्’ झालं आणि झाकण हातात आलं. कुलूप शाबूत होतं, पण परत लावायच्या लायकीचं नव्हतं. झाकणाचं रबरही चिरलं होतं.

“नवीन घ्या की. साडेतीनशेला येतंय. दोन चाव्या सोबत,” मिस्त्री म्हणाले.

झाकण निवडताना त्यांनी मात्र माझ्यापेक्षा जास्त घासाघीस केली. दुकानदारानं आधी काढलेलं स्वस्तातलं झाकण त्यांनी उलटं करून बघितलं आणि परत दिलं. झाकणाचं काम नुसतं झाकायचं नसतं. टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं तशी तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि गाडीतल्या पंपाला पेट्रोल ओढता येईना होतं. म्हणून झाकणात एक बारीक झडप असते, हवा आत घेणारी, वाफ बाहेर न सोडणारी. वाफेची वाट वेगळी, ती कोळशाच्या डब्यात जाऊन तिथं धरून ठेवली जाते आणि पुढं इंजिनात जळते. स्वस्त झाकणात झडप एक तर नसते किंवा नावापुरती असते. मिस्त्रींनी एका गिऱ्हाइकाची हकीकत सांगितली. त्याची गाडी सुरू व्हायची, चांगली पळायची, आणि काही अंतर गेल्यावर आचके देऊन बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. त्यानं फिल्टर बदलला, प्लग बदलले, शेवटी गाडीतला पेट्रोल ओढणारा पंपच बदलला. दोष होता बाजारातून आणलेल्या झाकणात. ते नुसतं सैल केल्यावर आत ‘सूऽऽ’ करून हवा शिरली आणि आजार संपला.

रबराचंही तसंच. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं कितीतरी आमच्याच जिल्ह्यांतल्या उसाच्या मळीचं आणि रसाचं. इथेनॉल पाण्याला जवळ करतं. चिरलेल्या रबरातून पावसाळ्याची ओल आत गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात, आणि पेट्रोल वरती तरंगत राहतं. टाकीतून ओढणारी नळी असते तळाशीच. आमच्याकडच्या जुलैत एवढ्याशा रबराच्या कड्याला असा मान आहे.

तर झाकण मिळालं. मिस्त्रींच्या दृष्टीनं काम संपलं. मला मात्र ते झाकण आहे तसं नको होतं. मला ते जुन्या चावीनं उघडायला हवं होतं.

“कशाला दादा? दोन चाव्या ठेवायला काय होतंय?”

काही होत नाही, हे मलाही कळत होतं. पण आबांनी ही गाडी घेतली तेव्हाची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. आबांची एक वही होती. मीटरचा आकडा, लिटर, रुपये, तारीख. धान्याचा हिशेब ज्या अक्षरात, त्याच अक्षरात पेट्रोलचाही. एका वर्षी वहीत ॲव्हरेज घसरायला लागलं. दुकानात एक ड्रायव्हर होता, गाडी बहुतेक वेळ त्याच्याच हातात. दुकानातल्या, घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं आबांना सुचवलं. आमच्या मामांनी तर स्पष्टच सांगितलं, “झाकणाला कुलूप बसवा आणि चावी गल्ल्यात ठेवा. पेट्रोल भरायचं झालं की मागून घेईल.”

रबरी नळीनं पेट्रोल ओढायची विद्या तेव्हा गल्लोगल्ली होती. एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, ओढ आली की नळी खालच्या डब्यात. बाकीचं काम पृथ्वी करते. ओढताना घोट छातीत उतरला तर फुप्फुसं भाजतात, माणूस दवाखान्यात जातो, हे माहीत असूनही लोक ओढायचे. जगभर हेच चालायचं. 1973 च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल आखडलं, काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरवरून अकराच्या पुढं गेला. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, रात्री शेजाऱ्याच्या गाडीतून पेट्रोल ओढणारे वाढले, आणि कुलपाच्या झाकणांना एकाएकी गिऱ्हाईक आलं. इकडं त्याच नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या भाववाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. आबा तेव्हा तरुण होते आणि ते छायाचित्र त्यांना पाठ होतं. बैलाला टाकी नसते, ओढायची भीती नाही, असं ते म्हणायचे.

आबांनी मामांचा सल्ला अर्धाच ऐकला. कुलपाचं झाकण बसवलं. पण त्या कुलपाच्या दोन स्वतंत्र चाव्या त्यांनी गल्ल्यात ठेवल्या नाहीत. चावीवाल्याकडं जाऊन झाकणाचं कुलूप गाडीच्याच चावीला जुळवून घेतलं. म्हणजे ज्याच्या हातात गाडी, त्याच्या हातात टाकी. मामा हसले, म्हणाले, मग कुलूप लावलं कुणासाठी? आबा म्हणाले, “रस्त्यावरच्यासाठी. घरातल्या माणसाला गाडी द्यायची आणि पेट्रोल मोजून द्यायचं, असलं आपल्याला जमत नाही. द्यायची तर गाडी द्या, नाहीतर देऊ नका.”

कुलूप बसल्यावरही ॲव्हरेज वाढलं नाही. काही महिन्यांनी सर्व्हिसिंगला गाडी उचलली तेव्हा मागचं एक चाक हातानं फिरेना. ब्रेक चिकटून राहत होता, गाडी सारखी स्वतःलाच ओढून धरत होती. आबांनी त्या दिवसाच्या ओळीपुढं वहीत ‘मागील ब्रेक’ एवढंच लिहिलं. ड्रायव्हरला कुणी काही बोललं नव्हतं, त्यामुळं कुणाला काही परत घ्यावंही लागलं नाही. पण त्याला सगळं समजलेलं होतं. एक चावी की दोन, एवढ्यावरून नोकरी करणाऱ्या माणसाला आपलं स्थान कळतं. शब्द लागत नाहीत.

म्हणून मला एकच चावी हवी होती. भावाच्या दुकानात आता गाडी दोन पोरं चालवतात. मी त्यांना झाकणाची वेगळी चावी दिली असती किंवा दिली नसती, दोन्हीत काहीतरी बोलल्यासारखं झालं असतं.

लक्ष्मीपुरीच्या कोपऱ्यावर छत्रीखाली एक चाचा बसतात. जातीनं शिकलगार. पूर्वजांनी तलवारींना धार आणि झिलई केली, यांच्या वाट्याला चाव्या आल्या. लाकडी पेटी, छोटा शिकंजा, कानशी आणि एका तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्यांचा घोस. मी जुनं झाकण, नवं झाकण आणि गाडीची चावी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी जुन्या कुलपाच्या तोंडाशी नाक नेलं आणि माझ्याकडं बघून हसले.

“खोबरेल?”

आबांचा दुनियेतल्या सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय होता. बिजागरी कुरकुरली, खोबरेल. शटर अडलं, खोबरेल. कुलूप जड झालं, खोबरेल. चाचा म्हणाले, तेल घातलं की चार दिवस कुलूप खुश असतं, मग धूळ त्याला चिकटून लगदा होतो, आणि खोबरेल तर थंडीत गोठतं. कुलपाला कोरडं काहीतरी द्यावं. शिसपेन्सिल तासून तिची भुकटी चावीला चोळायची आणि चावी आतबाहेर करायची, एवढंच पुरे. हिवाळ्यातच कुलूप का अडलं, त्याचा उलगडा मला तिथं फुटपाथवर झाला.

मग त्यांनी पांढरं फडकं अंथरलं. ते का, हे लगेच कळलं. कुलपाची मागची कडी काढून, चावी आतच ठेवून, त्यांनी आतला गोल गाभा बाहेर ओढला. चावी आत असली की गाभ्यातल्या पितळी पत्र्या आपापल्या घरात सपाट बसलेल्या असतात. चावी काढली की प्रत्येक पत्रीमागची केसाएवढी स्प्रिंग तिला बाहेर ढकलते, आणि ती कुलपाच्या खाचेत अडकून गाभ्याला फिरू देत नाही. गाडीच्या कुलपाचं सगळं रहस्य एवढंच. दुकानाच्या शटरला आबांचं नवताल होतं, त्यातले जाड खटके वेगळे, ती जातच वेगळी. इथं हरभऱ्याच्या डाळीएवढ्या पत्र्या, मधोमध चौकोनी भोक पाडलेल्या. कुठल्या पत्रीचं भोक किती वर, किती खाली, यावर चावीचे दात ठरतात. प्रत्येक पत्रीवर आकडा कोरलेला असतो, पण तो वाचायला चाचांना चष्मा लागत होता आणि मला चाचा.

जुन्या गाभ्यातली एक पत्री त्यांनी चिमट्यात धरून उन्हात फिरवली. “ही कुणीतरी घासलीय.” आबांनी ज्याच्याकडून कुलूप जुळवून घेतलं होतं त्या कारागिरानं घाई केली होती. नव्या गाभ्यात जुनी चावी घातली की काही पत्र्या वर डोकावतात. योग्य पद्धत म्हणजे त्या काढून त्या जागी योग्य आकड्याच्या बसवणं. आळशी पद्धत म्हणजे डोकावणारा भाग कानशीनं घासून सपाट करणं. चावी लागते, गिऱ्हाईक खूश होतं, पण मग तसल्या कुलपाला जवळपासची कुठलीही झिजकी चावी लागायला लागते. चाचा बराच वेळ त्या अनोळखी कारागिराला नावं ठेवत होते. मी आजवर एकही प्लंबर, शिंपी किंवा दाताचा डॉक्टर असा बघितला नाही, ज्यानं आधीच्याचं काम बघून मान हलवली नाही.

पत्र्या जुन्या गाभ्यातून नव्यात गेल्या, घासलेली पेटीतल्या पत्रीनं बदलली, स्प्रिंगा नव्या बसल्या. एक स्प्रिंग फडक्यावरून उडाली आणि तिघंचौघं रस्त्यावर वाकून शोधायला लागलो, त्यात केळीवालाही होता. सापडली नाही. चाचांनी दुसरी घातली आणि म्हणाले, “या फुटपाथवर माझी निम्मी जिंदगी सांडलीय.”

ते काम करत असताना मी त्यांना 2019 चा विषय काढून विचारलं, तुमची पेटी तेव्हा कुठं होती? त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 43 ची. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, टँकर अडकले, आणि शहरात पैसे असूनही पेट्रोल मिळेना. चाचांची पेटी माळ्यावर होती आणि ते स्वतः नातेवाइकांकडं. आमची ओम्नी उंचावर लावलेली होती, टाकी बऱ्यापैकी भरलेली. तालमीची पोरं मोटारसायकलींवरून छावण्यांत जेवण पोचवत होती आणि एकेकाची टाकी कोरडी पडत चालली होती. आमच्या ड्रायव्हरनं झाकण उघडलं, कुठून तरी हातपंपाची नळी पैदा केली, आणि पोरांना पेट्रोल काढून दिलं. आबांना विचारायला गेला नाही. चावी त्याच्याकडंच होती. संध्याकाळी त्यानं सांगितलं तेव्हा आबांनी वही मागवली आणि लिहिलं, ‘पूर, तालमीची पोरं, अंदाजे 8 लि.’ रुपयांच्या रकान्यात रेघ मारली. वहीत एवढी एकच रेघ आहे, बाकी सगळीकडं आकडे.

चाचांनी हे ऐकलं, ‘हां’ म्हणाले आणि चावी फिरवून बघायला दिली. नव्या कुलपाची चाल अशी सरळ होती की मी ती उगाचच पुन्हा पुन्हा फिरवत बसलो. मजुरी दोनशे. झाकणासोबत आलेल्या दोन नव्या चाव्या त्यांनी परत द्यायला काढल्या. त्या आता कशालाच लागत नव्हत्या. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडं, कोरून दुसऱ्या कुणाला होतील. ते म्हणाले, एकदा दात पाडलेली चावी पुन्हा कोरी होत नाही साहेब. पण ठेवून घेतल्या.

गाडीची चावी मात्र त्यांनी सोडली नाही. ती नखानं चाचपली, दात बघितले. इतक्या वर्षांत तिच्या कडा गोल झाल्या होत्या. डुप्लिकेट करायची झाली तर हिच्यावरून करू नका, म्हणाले, झिजलेल्या चावीची नक्कल म्हणजे झिजेचीही नक्कल. पत्र्यांवरचे आकडे मी वाचलेत, त्यांवरून कोरी कापून देतो, कारखान्यातून आल्यासारखी. शंभर रुपये. मी हो म्हटलं. घरी बायकोनं हिशेब मांडला, झाकण, मजुरी, नवी चावी, मिस्त्रींचं तेल आणि चहा, आणि एवढ्यात किती लिटर आलं असतं तेही सांगितलं. आकडा बरोबर होता.

निघताना चाचांनी गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराकडं बोट दाखवलं. “ते कुलूपही काढून आणा पुढच्या वेळी.” मी विचारलं, त्याला काय झालं? ते उठले, खिशातल्या भलत्याच कुठल्यातरी चावीनं आमच्या ओम्नीचं दार उघडून दाखवलं, आणि परत लावलं.